फोन उचलायचा नाही

मोबाईलच्या दुकानातल्या माणसानं काउंटरवर पाच रंगीत कागद पसरले आणि म्हणाला, “बाई, यातलं कुठलंबी घ्या. फिकीर करू नका, सगळे स्वस्तच हायत.” सगळेच स्वस्त असतील तर पाच कागद कशाला छापले, असं मी त्याला विचारलं. तो माझ्या यजमानांकडे बघून हसला. यजमान माझ्याकडे बघून हसले नाहीत, कारण त्यांना माझा स्वभाव ठाऊक होता.

मी नांदेडच्या एका हायस्कुलात गणित शिकवत होते. हे पाटबंधारे खात्यात कारकून. मुलगी नुकतीच दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि गल्लीतले, नात्यातले, शाळेतले, झाडून सगळे एकच सांगत होते: अकरावी-बारावीला लातूरला टाका. त्या वर्षांत आमच्याकडे हुशार लेकराचं दुसरं काही करायचं असतं हे लोक विसरूनच गेले होते. ज्यांची मुलं लातूरला होती ते ताठ मानेनं चालायचे. मी मात्र महिनाभर अडून बसले होते. शेवटी एका अटीवर तयार झाले. मुलीच्या हातात एक फोन पाहिजे आणि माझ्या हातात एक. ती मला कधीही, कुठूनही गाठू शकली पाहिजे. हे जमत असेल तर लातूर, नाहीतर नांदेडातलं कॉलेज काय वाईट आहे?

माझी अट हट्टाची वाटेल, पण तिच्यामागे कारण होतं. त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या पहाटे आम्ही नांदेडात होतो. मांडणीवरची भांडी खाली आली, पलंग हलला, आणि सगळी गल्ली रस्त्यावर धावली. मुलगी तेव्हा तीन वर्षांची, माझ्या खांद्यावर झोपलेली. जमीन थांबली, उजाडायला लागलं, लोकांची भीती सरली. समोरच्यांनी चहा केला. कोण कसं पळालं, कोणाचा सदरा उलटा, कोण देवाऐवजी बायकोचं नाव घेत होतं, यावर सगळे हसले. मीही हसले. मग जरा बरं वाटल्यावर चौकातल्या एसटीडी बूथवर गेले आणि माहेरी फोन लावला.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. गावात आमच्या आळीत फोन एकच, किराणा दुकानात. आमचं घर त्या दुकानाला लागून. दुकानदार हाक मारायचा आणि आई पदराला हात पुसत यायची. त्या सकाळी घंटी जात होती. मी बराच वेळ धरून ठेवला, कोणी उचलला नाही. बूथवाला म्हणाला, “घंटी जायलीय म्हंजे लाइन चालू हाय, ताई. राती गणपती बुडवून आले असतील, निजले असतील.” मला ते पटलं. घरी येऊन मी पोळ्या केल्या, मुलीला न्हाऊ घातलं. दुपारी दिराचा मुलगा सायकलवरून आला आणि दारातच बसला. ते दुकान, त्याला लागून असलेलं आमचं घर, आई, थोरला भाऊ, काहीही राहिलं नव्हतं. ती घंटी कुठं वाजत होती हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मुलीला ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल याची मोजदाद नाही. इतर आया रामाच्या गोष्टी सांगतात.

तर त्या दुकानात मी पाचही कागद घेतले, पर्समधली चौकटीची वही काढली आणि तिथंच स्टुलावर बसून तक्ता आखायला लागले. एका योजनेत एकदाच मोठी रक्कम भरायची आणि जन्मभर येणारे फोन फुकट, पण आपण करायचा तर मिनिटाचा दर चढा. दुसरीत दर कमी, पण दर महिन्याला भरणा केला नाही तर येणारे फोनही बंद. तिसरीत रात्री अकरानंतर फुकट. चौथीत त्याच कंपनीच्या दोन नंबरांवर सवलत. पाचवीचं मला काही कळलं नाही आणि दुकानदारालाही कळलेलं नव्हतं, हे मी त्याच्याकडून कबूल करवून घेतलं.

“आपल्याला किती बोलायचंय ते आधी ठरव की,” हे म्हणाले. “तक्ता मागून कर.”

“बोलायचं कशाला?” मी म्हटलं.

आणि खरं सांगते, त्याच क्षणी मला गणित सुटलं. लेकरू सुखरूप आहे एवढंच मला रोज कळायला पाहिजे होतं. त्यासाठी बोलण्याची गरजच काय? फोन लावायचा, घंटी वाजली की तोडायचा. उचललाच नाही तर पैसे पडत नाहीत. तेव्हा अवघा मराठवाडा मिस कॉलवर चालत होता. भाजीवाला, रिक्षावाला, लग्न जमवणारे मामा, सगळे “मिस कॉल द्या” म्हणायचे. माझी हुशारी एवढीच की मी त्याचा नियम बसवला आणि त्यावरून योजना निवडली. ज्यात येणारा फोन चालू राहतो आणि खात्यात बोलण्यापुरती रक्कम जवळजवळ नसतेच, अशी सगळ्यांत स्वस्त योजना. दोन्ही कार्डं तीच घेतली. शिवाय घरातला जुना फोन परत करून टाकला, त्याचं दोन महिन्यांचं भाडं वाचलं त्यात दोन्ही मोबाईलचं भागत होतं.

“शून्य खर्चात बातमी,” मी दुकानदाराला सांगितलं.

“तुमच्यासारखे गिऱ्हाईक आले तर कंपनी बुडती, बाई,” तो म्हणाला. मला ते कौतुक वाटलं.

लातूरला आम्ही मुलीला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी खोली बघून दिली. तिघी मुली, तीन कॉट, आणि भिंतीवर तीन वेळापत्रकं. गल्लीत दर चार घरांमागे एक क्लास होता. सकाळी सहाला मुलामुलींचे लोंढे सायकलींवरून इकडून तिकडे जायचे, कोणी कोणाशी बोलायचं नाही. मला ते बघून लेकीला परत न्यावंसं वाटलं. पण मी घराच्या भिंती बघितल्या, बोटानं ठोकून बघितल्या. घरमालकीण म्हणाली, “भूकंपाच्या नंतरचं बांधकाम हाय, बाई. कॉलम टाकलेत.” मी तिला कॉलम कुठं आहेत ते दाखवायला लावलं.

मग मुलीला समोर बसवून नियम पाठ करून घेतले. संध्याकाळी सातला एक मिस कॉल, म्हणजे खोलीवर पोचले, जेवले, बरी आहे. लागोपाठ दोन म्हणजे काहीतरी काम आहे, मग मी कोपऱ्यावरच्या, रुपया टाकायच्या डब्यावरून फोन करायचा. तीन घंट्या वाजवायच्या आणि तोडायचा. तू तोडायला विसरलीस तर चौथ्या घंटीला मी कट करणार. कट झाला म्हणजे मला मिळाला असं समजायचं. आणि काही झालं तरी उचलायचा नाही.

“आणि बोलायचं असलं तर?” तिनं विचारलं.

“रविवारी मी डब्यावरून करीन ना. तेव्हा बोल काय बोलायचं ते.”

ती “हाव” म्हणाली. ती नेहमी हाव म्हणायची, यांच्यावर गेली होती.

वर्षभर यंत्र बिनबोभाट चाललं. सात वाजता फोन थरथरायचा, तिचं नाव दिसायचं, तीन घंट्या, बंद. मी देवापुढची वात सारखी करून स्वयंपाकाला लागायचे. शाळेतल्या बायकांना मी हे इतक्यांदा सांगितलं की दोघीतिघींनी तीच योजना घेतली. रविवारचा फोन मात्र हळूहळू लहान होत गेला. डब्यावर मागं लोक उभे असायचे, रुपये टाकायचे, मार्क विचारायचे, जेवण विचारायचे, झालं.

बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर ती परत गेली. एका दुपारी तिचा फोन आला, वेळ सातची नव्हती. चौथी घंटी झाली तेव्हा माझे हात कणकेत होते आणि कट करताना चुकून उचलला गेला.

“अगं, तोडायचा ना. पैसे कामून घालवायलीस?” मी म्हटलं.

“काही न्हाई, आई. सहजच.”

“सहज काय? पोट दुखतंय का?”

“न्हाई.”

“मार्क कमी आले?”

“न्हाई गं. ठेवते.”

तिनं ठेवला. मी वहीत बघितलं तर तिच्या फोनच्या महिन्याच्या पैशांतला बराच भाग त्या एका फोनात गेला होता. रविवारी मी तिला त्यावरून बोलले. ती म्हणाली, परत न्हाई करणार. आणि खरंच तिनं परत केला नाही. मला वाटलं, लेक शहाणी झाली.

जानेवारीतला तो दिवस मंगळवार होता. प्रॅक्टिकल दोन आठवड्यांवर आलं होतं. मी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सहामाहीचे राहिलेले पेपर तपासत होते. फोन टेबलावर थरथरला. तिचं नाव. साडेअकराला कशाला, असं मनात आलं. तीन घंट्या झाल्या, चौथी झाली, तिनं तोडला नाही. मी कट केला.

अर्ध्या मिनिटात परत. म्हणजे दोन झाले, काम आहे. मी चौथ्या घंटीला कट केला आणि पर्समध्ये रुपया शोधायला लागले. तोवर तिसऱ्यांदा वाजला. तीनचा नियम आम्ही केलेलाच नव्हता. मला राग आला. दोन मिस कॉल दिले की आई फोन करते हे माहीत असताना तिसरा कशाला? शेजारच्या बाई म्हणाल्या, “उचला की हो.” मी म्हटलं, “लाडावते मग.” आणि कट केला. चौथ्यांदा वाजला तेव्हा मी पहिल्या घंटीलाच कट केला. जोरात बटण दाबलं, हे मला अंगठ्यासकट आठवतं.

त्यानंतर तो वाजला नाही.

मी रुपये घेऊन उठले, तेवढ्यात शिपाई दारात आला. त्याचा भाऊ चाकूरला असतो. तो म्हणाला, “बाई, तुमची लेक लातूरलाच हाय ना? तिकडं धक्का बसलाय म्हणतेत. आत्ताच. लोक रस्त्यावर आलेत.”

मी खाली बसले नाही, ओरडले नाही. फोन हातात घेतला आणि तिचा नंबर लावला. आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली की आपल्या खात्यात पुरेशी रक्कम नाही. ती तीनदा तेच म्हणाली, कारण मी तीनदा लावला. ते खातं मीच रिकामं ठेवलं होतं. ज्या कामासाठी फोन घेतला ते एकच काम त्याला करता येऊ नये, अशी योजना मी पाच कागदांतून वेचून काढली होती.

शाळेसमोरच्या डब्यावर रांग होती. लातूरला कोणाचं ना कोणाचं लेकरू असणारच. माझा नंबर आला तेव्हा आधी घंटी गेलीच नाही, मग सगळ्या लाइन व्यस्त असल्याचं कळलं, मग कळलं की हा फोन बंद आहे. मागचा माणूस म्हणाला, “ताई, जरा आमाला बी.” मी बाजूला झाले. हातात तीन रुपये राहिले होते.

तिथून रिक्षा करून त्या मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदारानं मला बघितलं आणि काही न विचारता रिचार्ज मारला. “कितीचा टाकू?” म्हणाला. मी पर्स त्याच्यापुढे उलटी केली. त्यानं लागतील तेवढे घेतले, बाकीचे परत आत भरून दिले, आणि माझ्या फोनवरून स्वतः लावून बघितला. बंद. “लाइट नसल, बाई. तिकडं बी भारनियमन हाय. चार्जिंग संपली असल,” तो म्हणाला. भलं बोलत होता. पण मला बूथवाल्याचं बोलणं आठवलं. तोही भलंच बोलला होता.

मी फोन केल्यावर हे ऑफिसातून सरळ बसस्टँडवर आले. लातूरच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. लोहा मागं पडलं. मग मी सांगितलं, “तिनं चारदा केला होता. मी चारदा कट केला.”

यांनी माझ्याकडे बघितलं. “चारदा?”

“हाव.”

त्यांना बोलायला जागा होती. दुकानात ते काय म्हणाले होते ते मला आठवत होतं, त्यांनाही आठवत असणार. त्यांनी पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. ते बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

फोन मी दोन्ही हातांत धरला होता. गाव आलं की पट्ट्या वर चढायच्या, गाव सुटलं की उतरायच्या. पट्टी दिसली की मी लावायचे. बंद, बंद, बंद. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मागच्या सीटवर दोन माणसं चढली. एकजण दुसऱ्याला सांगत होता की क्लासच्या गल्लीत कुठल्यातरी हॉस्टेलची भिंत पडली, पोरी होत्या म्हणे आत. यांनी वळून विचारलं, “कोणतं हॉस्टेल?” तो म्हणाला, “मला काय ठावं, सायेब. लोक बोलायलेत.” हे उभे राहिले. “कोणी बघितलंय का? बघितलं नसलं तर बोलू नका.” इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांचा आवाज चढलेला तेवढाच ऐकला. मी मनात त्या घराचे कॉलम मोजत होते. चार दिसले होते, पाचवा जिन्यात असेल असं घरमालकीण म्हणाली होती, तो मी बघितला नव्हता.

चाकूरला एक म्हातारी शेजारी येऊन बसली. तिनं माझा चेहरा बघून विचारलं, “लेकरू हाय का तिकडं?” मी मान हलवली. ती म्हणाली, “आमच्या हितं नुसती भांडी वाजली, माय. लई न्हाई.” मग थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाली, “त्या टायमाला बी पैले भांडीच वाजली होती.” मला तिचा रागही आला नाही. मी तिच्या जागी असते तर तेच म्हणाले असते.

मला आईची फार आठवण झाली. आईपेक्षाही त्या घंटीची झाली. एकदा घंटीवर भरवसा ठेवून फसलेल्या बाईनं पुन्हा आपल्या लेकीला घंटीवर ठेवलं, मोजून तीन घंट्यांवर. नुसतं “हॅलो” म्हणायला किती लागलं असतं? आणि तिला जर त्या चार फोनांत काही सांगायचं असेल, भिंत पडतेय, पाय अडकलाय, आई ये, तर ते ऐकायला मी नव्हते. मी बटण दाबत होते. देवा, मला शिक्षा दे, पण लेक मला परत दे, असं मी म्हणत होते. गणिताच्या बाईनं असला सौदा करू नये, पण केला.

लातूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. रिक्षावाला म्हणाला, “काय न्हाई झालं, बारीक होता. पण मोठा येतो म्हणून अफवा हाय, लोक घरात जाईनात.” गल्लीच्या तोंडाशीच रिक्षा थांबवावी लागली. गल्लीला लागून एक मोकळं मैदान होतं, ते माणसांनी भरलं होतं. चादरी, सतरंज्या, पाण्याच्या कळशा, म्हातारी माणसं खुर्च्यांवर. आणि मधोमध शे-दोनशे मुलंमुली पुस्तकं उघडून बसलेली. एक सर उभे राहून कुठल्याशा प्रकरणाचे प्रश्न विचारत होते. जमीन हलली म्हणून अभ्यास बुडू द्यायचा नाही, हे फक्त लातूरलाच होऊ शकतं.

घरमालकीण आधी दिसली. तिनं हात करून दाखवलं. मुलगी लिंबाच्या खोडाला टेकून बसली होती, मांडीवर वही, अंगात माझाच जुना स्वेटर. आकृतीला नावं देत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा तिनं वर बघितलं.

“आई? तू कामून आलीस?”

मी तिचे हात बघितले, पाय बघितले, डोक्याला हात लावला. ती म्हणत होती, “अगं, काय झालंय? मला काय बी झालं न्हाई. नुसता पंखा हलला.” हे थोडे लांब उभे होते, चष्मा पुसत.

“तू चारदा फोन केलास,” मी म्हटलं.

“हाव. मग बॅटरीच गेली. लाइट सकाळपासनं न्हाई.”

“मी कट केले.”

“मला माहीत हाय की,” ती म्हणाली. “म्हणून तर मला बरं वाटलं.”

मला कळेना. तिनं वही मिटली आणि मला खाली बसवलं. पंखा हलल्यावर सगळ्या मुली रस्त्यावर आल्या होत्या. तिथं कोणीतरी म्हणालं की हा नुसता झटका आहे, खरा भूकंप नांदेडकडे झालाय, लई नुकसान आहे. तिनं मला फोन लावला. घंटी जायला लागली.

“घंटी गेली तर मी जास्तच भ्याले,” ती म्हणाली. “आजीच्या टायमाला बी घंटी जात होती ना. तूच सांगतीस. एक, दोन, तीन, मी मोजायले. चौथीला तू कट केलास. मग कळलं, तू हायस. मेलेलं माणूस कट करत न्हाई.”

ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली, की जणू प्रमेयाची शेवटची ओळ. मी तिचा चेहरा धरला. रडले, तिथंच, दोनशे पोरांसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही. माझी योजना, माझे नियम, माझं कट करणं, सगळं त्या लेकरानं माझ्या बाजूनं वाचलं होतं. दिवसभर मी स्वतःला जे म्हणत आले होते ते खोटं ठरलं होतं, आणि मी सुटले असं मला वाटलं. क्षणभर जुना तोराही परत आला. यांच्याकडे बघून मी म्हणणार होते, बघा.

पण मी गणिताची बाई. हिशेब शेवटपर्यंत करायची खोड आहे.

“पहिल्यांदा कट केला तेव्हाच तुला कळलं की मी बरी आहे,” मी म्हटलं.

“हाव.”

“मग पुढचे तीन कशाला केलेस?”

ती वहीच्या कोपऱ्याची घडी घालायला लागली. घडी घातली, उलगडली, परत घातली. मैदानात सरांनी कोणालातरी प्रश्न विचारला होता आणि उत्तर येत नव्हतं.

“बोलायचं होतं,” ती म्हणाली.

त्या रात्री आम्ही तिघं मैदानातच सतरंजीवर पडलो. काही हललं नाही. सकाळी मी एका दुकानातून तिच्या फोनात आणि माझ्या फोनात भरपूर पैसे टाकले. योजना कोणती ते विचारलंसुद्धा नाही. हे म्हणाले, “तक्ता?” मी म्हटलं, “राहू द्या.” लाइट आली होती, तिचा फोन चार्ज झाला. ती आम्हाला स्टँडवर सोडायला येणार होती, पण क्लास होता, मग आम्हीच तिला जा म्हटलं.

गाडी सुटली. चाकूरच्या अलीकडे माझा फोन थरथरला. तिचं नाव. सवयीनं ती तीन घंट्यांनी तोडणार होती, गाडी मिळाली का एवढंच विचारायचा तो मिस कॉल होता. मी पहिल्या घंटीलाच उचलला.

पलीकडे सायकलींच्या घंट्या ऐकू येत होत्या.

“उचललास?” ती म्हणाली.

“हाव,” मी म्हटलं. “बोल.”